गावाकडच्या कॉलेजचा रॉकेट संघ: दोन लाख रुपये कसे उभे करायचे

विदर्भातल्या पुसद, शेगाव, सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी कॉलेजांत रॉकेट बनवून स्पर्धेत उडवायची हौस आणि डोकं दोन्ही असतं. गाडी अडते पैशांपाशी. मोठ्या शहरांतल्या संघांचं पाहून इथेही चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका तयार होते, पन्नास कंपन्यांना ईमेल जातात आणि उत्तर एकाचंही येत नाही. आपल्या भागातला पैसा त्या वाटेने येत नाही. तो ओळखीच्या माणसाकडून येतो, त्याच्या हातात पैसा खेळत असलेल्या महिन्यात येतो, एका ठरावीक वस्तूसाठी येतो आणि कॉलेजच्या छापील पावतीवर येतो. या चार गोष्टी जुळवल्या तर तालुक्याच्या गावातही एका वर्षात दोन लाख जमतात.

मागायला निघण्याआधी

देणगीदाराचा पहिला प्रश्न रकमेचा नसतो. "स्फोट-बिट तर नाही ना होणार? पोलिसांची परवानगी आहे का?" हा असतो, आणि तो रास्त आहे. रॉकेटचं घन इंधन स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ यांच्या कक्षेत येतं. पोटॅशियम नायट्रेट आणि साखर एकत्र शिजवून वसतिगृहात मोटर (म्हणजे रॉकेटचं इंधन भरलेलं इंजिन) बनवण्याचे व्हिडिओ खूप दिसतात. ते परवान्याशिवाय करणं बेकायदा आहे आणि त्यात हात, डोळे, जीव जाऊ शकतो. असं काही चालू असेल तर पैसे गोळा करणं बाजूला ठेवा, आधी ते थांबवा.

आपल्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहा: मोटर आम्ही बनवत नाही; परवानाधारक उत्पादकाची किंवा स्पर्धेच्या आयोजकांनी दिलेली मोटरच वापरतो; उड्डाण फक्त आयोजकांच्या मैदानावर, त्यांच्या देखरेखीखाली होतं. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. नियमाबाबत शंका असेल तर मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन तिथेच विचारा. आणि कोणी "रॉकेट-बिकेट आपल्या भागाचं काम नाही" म्हणालं, तर सांगा की स्कायरूट या कंपनीच्या कलाम-१०० या रॉकेट मोटरची चाचणी २०२२ मध्ये नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या चाचणी केंद्रावरच झाली.

दुसरी तयारी खात्याची. संघाच्या खजिनदाराच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. पैसे पाठवणाऱ्या एखाद्याच्या व्यवहारावर सायबर तक्रार झाली तर त्या विद्यार्थ्याचं खातं गोठतं, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येत असेल तर तीही अडकते. शिवाय घरोघरी डबा फिरवून लोकांकडून पैसे गोळा करण्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाची बंधनं आहेत. म्हणून पैसा संस्थेच्या खात्यात, संस्थेच्या पावतीवर आणि संस्थेच्याच क्यूआर कोडने घ्यायचा.

त्यासाठी प्राचार्यांकडून आणि संस्थेच्या सचिवांकडून तीन गोष्टी लेखी मिळवा. हिशेबात "रॉकेट संघ" असं स्वतंत्र खातेशीर्ष उघडावं. त्यातली शिल्लक ३१ मार्चनंतर सर्वसाधारण निधीत न मिसळता विशिष्ट उद्देशाचा निधी म्हणून पुढच्या वर्षी ओढावी. आणि किरकोळ खरेदीसाठी मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावाने ५,००० रुपयांची अग्रिम रक्कम मंजूर करावी. बिलं जमा केली की ती पुन्हा भरून मिळावी. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. मग दोनशे रुपयांच्या सेन्सरसाठी तीन कोटेशन, खरेदी समितीची सही आणि धनादेश यांत महिना जातो, आणि पोरं स्वतःच्या खिशातून पैसे घालू लागतात. घरून मोजके पैसे येणाऱ्या पोरांवर हा भार पडता कामा नये.

अंदाजपत्रक वस्तूंमध्ये मांडा

साधारण एक किलोमीटर उंचीच्या पहिल्या रॉकेटसाठी आणि दहा जणांच्या संघासाठी नमुना असा. आकडे आपापल्या कोटेशनवरून बदलून घ्या, मांडणी मात्र अशीच ठेवा.

- बॉडी ट्यूब, नोजकोन, फिन्स (फायबरग्लासचं कापड, इपॉक्सी, प्लायवूड, थ्रीडी प्रिंटिंग): २२,०००
- पॅराशूट, दोर, कड्या, शिलाई: ९,०००
- इलेक्ट्रॉनिक्स, दोन संच: १६,०००
- जमिनीवरचा रिसीव्हर आणि अँटेना: ६,०००
- मोटर आणि तिची नियमानुसार वाहतूक: ३५,०००
- लाँच रेल (सुटताना रॉकेटला सरळ धरणारी खाचेची पट्टी) आणि स्टँड: १२,०००
- मास्क, हातमोजे, गॉगल, अग्निशामक: ८,०००
- प्रवास, मुक्काम, जेवण: ५५,०००
- नोंदणी, विमा, छपाई: १२,०००
- राखीव: २५,०००

एकूण दोन लाख. आयोजक मोटर देणार असतील तर ती ओळ काढून टाका आणि एकूण रक्कम खाली आणा. न लागणारा पैसा मागितल्याचं एकदा उघड झालं की गावात ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. राखीव रक्कम मात्र कोणी कितीही टोकलं तरी कापू नका. पहिल्या चाचणीत काहीतरी तुटतंच, आणि ते तुटतं तेव्हा स्पर्धा तोंडावर आलेली असते.

"इलेक्ट्रॉनिक्सचे दोन संच कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तयार ठेवा: उड्डाणाच्या धक्क्याने बॅटरीचा कनेक्टर सैल होतो किंवा मेमरी कार्डाचा संपर्क तुटतो, आणि नेमका पॅराशूट उघडायच्या क्षणी संगणक बंद पडतो. दोन स्वतंत्र संच, दोन स्वतंत्र बॅटऱ्या असल्या तर एक गेला तरी दुसरा पॅराशूट उघडतो. असं नेमकं उत्तर मिळालं की अडतीवाल्यालाही समजतं की पोरांना काम कळतं.

आता दोन लाखांचे तुकडे पाडा. ५०,००० देणारा एक, २५,००० चे दोन, १०,००० चे चार, ५,००० चे सहा. हे झाले १,७०,०००. उरलेले ३०,००० माजी विद्यार्थ्यांकडून, पाचशे-पाचशेचे साठ. मोठ्या रकमा देणारे तेरा हवेत, म्हणून यादी किमान पन्नास नावांची करा, कारण चारात एक होकार धरावा. यादीत प्रत्येक नावापुढे लिहा: ओळख कोणाची, कोणत्या महिन्यात जायचं, कोणती वस्तू मागायची.

कोणाकडे आणि कधी

इथे महिना चुकला की सगळं चुकतं. जिनिंगवाल्याकडे जून-जुलैत गेलात तर कारखाना बंद असतो. दसरा-दिवाळीनंतर कापूस सुरू होतो, पण नोव्हेंबरात त्याचा सगळा पैसा खरेदीत गुंतलेला असतो आणि त्याला बोलायलाही फुरसत नसते. जानेवारीचा शेवट ते मार्च ही त्याच्याकडे जायची वेळ. कृषी सेवा केंद्राचंही तसंच: जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि माल उधारीवर गेलेला असतो. ती उधारी कापूस-सोयाबीन विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत वसूल होते. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा व्यापाऱ्यांना आंबिया बहाराचा हंगाम आटोपल्यावर, म्हणजे डिसेंबरअखेर भेटा. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलवाल्यांना धानाचा हंगाम स्थिरावल्यावर. अर्बन बँका आणि पतसंस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. नफ्यातून सामाजिक कामाला रक्कम द्यायची तर विषय त्याआधी संचालक मंडळापुढे यावा लागतो, म्हणून अर्ज जुलैत द्या.

शेतकऱ्याच्या घरी मात्र पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका. पीक चांगलं असो की अतिवृष्टीत गेलेलं असो, जाऊ नका. त्यांची मुलं संघात आहेत, तेवढा त्यांचा वाटा पुरेसा आहे.

भेटीला दोघंच जा: ज्याने ती वस्तू बनवली तो, आणि ज्याच्याकडे हिशेब आहे तो. सोबत ओळखीचा एखादा मोठा माणूस असला तर उत्तम. आठ जणांचा घोळका गेला की दुकानदाराला वर्गणीवाले आल्यासारखं वाटतं आणि तो एकशे एक रुपये काढून हातावर ठेवतो. हातात प्रत्यक्ष वस्तू न्या. पॅराशूटचं कापड टेबलावर पसरा आणि सरळ विचारा: "काका, एवढं मोठं रॉकेट वरून खाली येतं ते याच्या भरवशावर. कापड, दोर आणि शिलाई मिळून नऊ हजारांचा खर्च आहे. तो तुम्ही उचलाल का?" एवढं बोलून थांबा. गडबडीत स्वतःच "जमेल तेवढं द्या" म्हटलं की नऊ हजारांचे पाचशे होतात.

"पाहू" म्हटलं तर नाराज होऊ नका, पण मोकळ्या हातानेही उठू नका. "मंगळवारी दुपारी येऊ का?" असं विचारून दिवस पक्का करा आणि त्या दिवशी जा. बहुतेक होकार दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळतात, आणि पाठपुरावा न केल्यामुळेच निम्मे हातचे जातात.

सोबत द्यायचा कागद एकच, ए-फोर, मराठीत, मोठ्या टायपात. वर रॉकेटचा फोटो किंवा आकृती. मग चार ओळींत काय करतोय, सुरक्षिततेचं निवेदन, अंदाजपत्रक, त्यातली मागितलेली ओळ ठळक, संस्थेच्या खात्याचा तपशील आणि धनादेश नेमका कोणत्या नावाने काढायचा ते. संस्थेचं नाव आणि कॉलेजचं नाव वेगळं असतं आणि चुकीच्या नावाचा धनादेश परत येतो. पत्र लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं आणि जावक क्रमांकासह हवं. जावक क्रमांक नसलेलं पत्र बँकेत, पतसंस्थेत किंवा सरकारी कार्यालयात कोणी गांभीर्याने घेत नाही.

करसवलतीबद्दल खोटी आशा दाखवू नका. संस्थेकडे आयकर खात्याची ८०जी नोंदणी असेल तरच सवलत मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीला ती नसतेच. पावतीवर पॅन क्रमांक मात्र प्रत्येकाचा घ्या. नंतर फिरून मागायला गेलं की लोक वैतागतात.

वस्तू आणि मजुरी हीसुद्धा देणगीच

आपल्या भागात रोख मिळणं अवघड, पण हुन्नर भरपूर. ट्रॉल्या, वखर, पेरणीयंत्रं बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे लाँच स्टँडचं काम घेऊन जा. रेलसाठी ४० बाय ४० मिलिमीटरचं खाचेचं अॅल्युमिनियम प्रोफाइल, लांबी ३ मीटर, हे विकत आणा. खालचा चौकोनी पाया, चार पाय आणि रेल उभ्यापासून पाच-सात अंश कलवायची बिजागरी लोखंडी अँगलमध्ये त्याच्याकडून बनवून घ्या.

एक गोष्ट त्याला आधीच सांगा: आधाराचं लोखंड रेलच्या जवळ धरून वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेने अॅल्युमिनियम वाकतं. वेल्डिंग सगळं पायाचं आधी आटपायचं, ते थंड होऊ द्यायचं, आणि रेल त्यावर नट-बोल्टने कसायची. मग वरपासून खालपर्यंत दोरा ताणून पाहायचं. मध्ये एक मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर बोल्ट सैल करून पुन्हा बसवायचं. वाकड्या रेलमध्ये रॉकेटचं बटण (रॉकेटला लावलेली, खाचेत सरकणारी गुंडी) घासतं, रॉकेट कमी वेगाने सुटतं आणि वाऱ्याकडे कलतं. हे कारण समजलं की तो कारागीर स्वतःच दोरा घेऊन उभा राहतो, आणि पुढच्या वर्षी बोलवायच्या आत विचारतो.

असंच पॅराशूटची शिलाई गावातल्या शिंप्याकडून, फिन्सचं कटिंग फर्निचरवाल्याकडून, फ्लेक्स छपाई प्रेसवाल्याकडून. प्रत्येक कामाची किंमत लिहिलेलं बिल किंवा साधं पत्र घ्या, "देणगी" असा शेरा मारून घ्या आणि टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवा. नोंद नसलेली वस्तू दोन वर्षांत दुसऱ्या विभागात गेलेली असते.

कंपन्या: एकाच इमारतीत दोन दारं

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांपैकी एक निकष पार करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करायचे असतात, आणि जिथे कंपनीचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. म्हणून चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या संघांनी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि सिमेंट कंपन्या पाहाव्यात, भंडारा-तुमसरकडच्यांनी मँगनीज खाणींची मॉइल, तिरोडा-मौद्याकडच्यांनी तिथली वीज केंद्रं. मुंबईच्या मुख्यालयाला ईमेल करण्यापेक्षा जवळच्या युनिटच्या सीएसआर अधिकाऱ्याला भेटा.

बहुतेक प्रस्ताव एका चुकीमुळे परत येतात. "रॉकेटवर तुमचा लोगो लावू" असं सीएसआरच्या अर्जात लिहिलं जातं. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर नियमांत बसत नाही. लोगो हवा असेल तर अर्ज मार्केटिंग विभागाला द्या. तो जाहिरातीचा खर्च होतो आणि त्यावर जीएसटीचा प्रश्न येतो, तो संस्थेच्या लेखापालाला आधी विचारा. सीएसआरला वेगळा प्रस्ताव द्या, शिक्षणाचा: प्रयोगशाळेचं साहित्य, वर्षात पंधरा जिल्हा परिषद शाळांत कार्यशाळा, किती विद्यार्थी, त्यात मुली किती. एका स्पर्धेचा प्रवासखर्च त्यात टाकू नका. एकदाच होणारा कार्यक्रम म्हणून तो बाजूला पडतो. संस्थेकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी), ८०जी आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची) नोंदणी आहे का ते आधी पाहा. नसेल तर प्रस्ताव कितीही चांगला असला तरी कंपनीला थेट संस्थेकडे हे काम सोपवता येत नाही. अर्जाची वेळ जानेवारी-फेब्रुवारी: पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत असतो आणि चालू वर्षाची उरलेली छोटी रक्कमही तेव्हाच निघते.

सरकारी निधीतून उपकरणं आणि प्रयोगशाळा होऊ शकते, सुटे भाग आणि प्रवास नाही. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, शिक्षण हा त्याच्या प्राधान्याचा विषय आहे. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष असतं. दोन्हींचा रस्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो आणि वेळ लागतो, म्हणून यंदाच्या उड्डाणाचा हिशेब त्यांवर बांधू नका.

शाळांतून कमाई

तालुक्याच्या गावातल्या खासगी शाळांत पाण्याच्या रॉकेटची दोन तासांची कार्यशाळा घ्या. विद्यार्थ्यामागे १०० रुपये, एका वेळी साठ विद्यार्थी. साहित्याचा खर्च वजा जाता चार हजारांच्या आसपास उरतात. त्या प्रत्येक कार्यशाळेमागे एक जिल्हा परिषद शाळा मोफत करा. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, त्याचं निमंत्रण शाळांकडून आपणहून येतं; पण त्या सुमारास पोळाही येतो, म्हणून तारीख जुलैतच पक्की करा.

बाटली दोन लिटरची, सोड्याच्या पेयाचीच घ्या. साध्या पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, ती दाबाखाली फाटते. पाणी एक तृतीयांश. दाब मापक असलेल्या पंपाने ४० ते ५० पीएसआय, त्यावर नाही. मुलं दहा मीटर मागे, पंप मारणारा गॉगल लावून, आणि सोडायची दोरी पाच मीटर लांब. बाटली दहा-पंधरा वेळा वापरली किंवा तिच्यावर पांढरट रेघ दिसली की फेकून द्या. एप्रिल-मेमध्ये कार्यशाळा ठेवू नका. उन्हात तापलेली बाटली कमकुवत होते, आणि आपल्याकडच्या त्या उन्हात मुलांना मैदानावर उभं करणंही बरोबर नाही.

माजी विद्यार्थी आणि परदेशातला पैसा

पुण्या-बंगळुरूत नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांना पगाराच्या आठवड्यात, त्यांच्याच बॅचच्या ग्रुपवर, त्यांच्याच वर्गमित्राकडून संदेश जाऊ द्या. नावं आणि रकमा तिथे जाहीर करू नका. कोणाची परिस्थिती काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. परदेशात राहणारा भारतीय पासपोर्टधारक देणगी देऊ शकतो. मात्र ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याची रक्कम परकीय योगदान ठरते आणि संस्थेची एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी नसेल तर ती घेणं गुन्हा आहे. माणूस आपल्याच गावचा असला तरी हा नियम बदलत नाही. पैसे घेण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा.

पैसे मिळाल्यावर

पावती त्याच दिवशी. वस्तू खरेदी झाली की तिचा फोटो देणगीदाराला पाठवा. उड्डाणानंतर पंधरा दिवसांत एक पानाचा अहवाल हातोहात नेऊन द्या: आलेला पैसा, गेलेला पैसा, शिल्लक, उंची किती गाठली, काय बिघडलं आणि ते का. रॉकेट पडलं असेल तर अहवाल आणखी लवकर द्या, मोडलेला भाग सोबत न्या. पॅराशूट उघडलं नाही हे आपल्याकडून कळलं तर माणूस पुढच्या वेळचं विचारतो. बाहेरून कळलं तर दार बंद करतो.

देणगीदारांची वही एकच ठेवा आणि ती मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कपाटात राहू द्या, कारण अंतिम वर्षाची पोरं मे महिन्यात निघून जातात आणि त्यांच्या मोबाइलमधली यादीही त्यांच्यासोबत जाते. वहीत तारीख, वस्तू, रक्कम, पावती क्रमांक, कोणाची ओळख, आणि भेटीत काय बोलणं झालं ते दोन ओळींत लिहा. जानेवारीनंतरच्या प्रत्येक भेटीला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी सोबत न्या आणि अहवाल त्याच्याच हातून द्या, म्हणजे जुलैत नवा संघ अर्ज घेऊन गेला की समोर ओळखीचा चेहरा असतो.